गाणे ऐकायला पाहुणे आले, गावाला काय मिळाले?

रोवण्याची घाई असो की चुरण्याची, तुम्ही वेळ काढून रेडिओजवळ बसता, त्याबद्दल आधी आभार. बाजूची सासू, सून, जाऊ कोणी मोकळी असेल तर तिलाही हाक मारा. आजचा विषय दोघींनी मिळून ऐकण्यासारखा आहे.

आज मी तुम्हाला एका बेटाविषयी सांगणार आहे. बेट म्हणजे चारही बाजूंनी पाणी आणि मधोमध जमीन. आपल्या भंडारा जिल्ह्यात तळी आहेत, बोड्या आहेत, वैनगंगा आहे, पण समुद्र नाही. तेव्हा कोणी म्हणेल, बेटाशी आपले काय काम? काम आहे. त्या बेटावर वर्षानुवर्षे शास्त्रीय संगीताचा आणि नृत्याचा मोठा महोत्सव भरत आला. मोठमोठे कलावंत, मोठमोठे पाहुणे, सरकारी खर्च. त्या गाण्याचे आणि तिथे राहणाऱ्या हजार-बाराशे माणसांचे नाते कसे होते, ते पाहिले तर आपल्या गावात उद्या पाहुणे आले की आपण काय करायचे, हे समजते. आणि पाहुणे येणार आहेत. आंभोऱ्याला वैनगंगेवर तारांचा नवा पूल झाला, गोसीखुर्दच्या पाण्यावर पर्यटनाच्या योजना निघाल्या. म्हणून हा विषय आजच बोलून घेऊ.

बेटाचे नाव घारापुरी. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून बोटीत बसले की साधारण तासाभरात तिथे पोचता येते. दिसते मुंबईच्या अंगणात, पण कागदावर हे गाव रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वाड्या. लोकांचा धंदा मासेमारी, थोडी भातशेती, होड्यांची दुरुस्ती आणि आता बहुतेकांचा पर्यटकांवर. म्हणजे पाहा, तिथेही आपल्यासारखाच भात.

या गावाच्या डोंगरात लेणी आहेत. साधारण सहाव्या शतकात अखंड खडक कोरून काढलेली. मुख्य लेण्यात तीन मुखांचा महादेव आहे, तीन माणसे एकावर एक उभी केली तरच त्याच्या माथ्यापर्यंत पोचतील एवढा. आजूबाजूला शिवाच्या किती गोष्टी कोरल्या आहेत! शिवपार्वतीचे लग्न आहे. डोक्यावर गंगा झेलणारा शिव आहे. अर्धे अंग पुरुषाचे आणि अर्धे बाईचे असा अर्धनारीश्वर आहे. आणि एका बाजूला नाचणारा शिव, नटराज. त्याचे हातपाय तुटले आहेत, तरी अंगातला नाच गेलेला नाही. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना बेटावर दगडाचा एक भला मोठा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. तो हत्ती आता बेटावर नाही. मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. गाव राहिले तिथेच, गावाला ज्याचे नाव मिळाले तो हत्ती मात्र मुंबईला गेला. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा म्हटले.

आता जिथे नटराज आहे, तिथे नाचगाणे शोभते, हे कोणालाही पटेल. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने म्हणूनच एलिफंटा महोत्सव सुरू केला. थंडी सरता सरता, बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दोन-तीन संध्याकाळी गायन, वादन आणि नृत्य. प्रेक्षक मुंबईहून बोटीने यायचे, कार्यक्रम ऐकायचे आणि रात्री बोटीनेच परतायचे. पर्यटकाला बेटावर रात्री मुक्काम करता येत नाही.

शास्त्रीय संगीत म्हटले की आपल्यातल्या काही जणी म्हणतात, ते आपल्याला कळत नाही बाई. मला तसे वाटत नाही. आपण जात्यावर बसलो की पहिल्यांदा जात्याची घरघर एका लयीत लागते आणि मग तिच्यावर ओवी चढते. तानपुरा तेच करतो. तो एकच सूर धरून ठेवतो आणि गाणारा त्याच्यावर आपले गाणे मांडतो. घाई नाही. एक-एक सूर पारखून, फिरवून, पुन्हा जागेवर आणून ठेवायचा. रोवणा करताना आपण एका ओळीत, एका अंतरावर रोप लावत मागे सरकतो ना, तसा धीर त्या गाण्याला लागतो. काकड आरतीला भूप, भैरवी आपण ऐकतोच, नाव माहीत नसले तरी. म्हणून हे गाणे त्यांचे आणि ते आपले, अशी वाटणी करू नका.

पण आज मला त्या गाण्यापेक्षा त्या संध्याकाळच्या दिव्यांविषयी बोलायचे आहे.

महोत्सवाला रोषणाई लागते. मंचावर दिवे, रस्त्यावर दिवे, झाडांवर दिवे, ध्वनिक्षेपक. ही वीज येत होती जनरेटरमधून, कारण घारापुरीत विजेची लाइनच नव्हती. देश स्वतंत्र झाला, समोर मुंबई रात्रभर झगमगत राहिली, दुसऱ्या बाजूला १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि तेही रात्रभर उजळले. मधल्या बेटावर मात्र डिझेलच्या जनरेटरवर संध्याकाळी तीनेक तास दिवे लागायचे आणि मग अंधार. तुम्हीच विचार करा. तीन तासांत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, मोबाइल चार्ज करणे, सगळे उरकायचे. फ्रीज नाही, म्हणजे पकडलेली मासळी टिकवायला बर्फ मुंबईहून किंवा उरणहून आणायचा. रात्री बाळंतीण अडली तर अंधारात धक्क्यापर्यंत न्यायची आणि मग बोट. पाहुण्यांच्या दोन-तीन संध्याकाळी डोंगर उजळायचा. पाहुणे परतले की वाड्या पुन्हा अंधारात.

समुद्राच्या तळातून ७.५ किलोमीटर लांबीची केबल टाकून या गावाला वीज मिळाली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. जागतिक वारसा म्हणून नाव लागल्यावरही तीस वर्षांनी.

मी हे कोणाला दोष द्यायला सांगत नाही. संगीत महोत्सव भरवणे हे वीज मंडळाचे काम नाही आणि गाणारीने गावाचे खांब उभे करावेत अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गावात मोठा कार्यक्रम होतो, पाहुण्यांना सगळे सुंदर दिसते, पेपरात फोटो येतात. त्या फोटोत गावाची गरज दिसत नाही. ती दिसावी असे वाटत असेल तर गावालाच बोलावे लागते.

आता दुसरी बाजू. घारापुरीच्या लोकांना पाहुण्यांपासून काहीच मिळाले नाही का? मिळाले, आणि बरेच मिळाले. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना दुकाने लागलेली आहेत. माळा, मूर्ती, टोप्या. बाया काकडी, कैरी, बोरे, भाजलेले कणीस घेऊन बसतात, आणि शेजारी काठी ठेवतात, कारण तिथली माकडे पाहुण्याच्या हातातले कणीससुद्धा ओढून नेतात. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांना गावची मुले डोलीत बसवून वर नेतात. खाणावळी आहेत. आणि ग्रामपंचायत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून लहानशी पट्टी घेते. मैत्रिणींनो, हा मुद्दा गाठीला बांधून ठेवा. पाहुणा लेणी पाहण्याचे तिकीट काढतो ते पैसे पुरातत्त्व खात्याकडे जातात. बोटीचे पैसे बोटवाल्याकडे जातात. पण गावात पाय ठेवल्याबद्दलची ती लहानशी पट्टी गावाकडे राहते, कारण ती गावाने लावली आहे.

आणखी एक गोष्ट तिथे जाऊन आलेले लोक सांगतात. काही बाया नऊवारी नेसून, डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून पायऱ्यांवर उभ्या राहतात. पाहुणे फोटो काढतात आणि पैसे देतात. काहींना हे ऐकून वाईट वाटेल. मला मात्र त्या बाईचा हिशोब कळतो. हंडा ती आयुष्यभर वाहत आली, त्याचे तिला कोणी पैसे दिले नव्हते. पण याच्यात एक धोकाही आहे. पाहुण्याला बाई फक्त हंड्यासकट आवडायला लागली, तर गावात नळ यावा असे त्याला कशाला वाटेल? आपले रोजचे कष्ट कोणाच्या डोळ्यांना सुंदर दिसतात म्हणून ते कष्ट तसेच ठेवायचे नसतात.

पुढे काय झाले ते ऐका. काही वर्षी हा महोत्सव बेटावरून उठून मुंबईला, गेटवे ऑफ इंडियाजवळ गेला. नाव एलिफंटाचे आणि मंच मुंबईचा. यामागची कारणे खोटी नाहीत. शेकडो माणसे रात्री बोटीने नेणे-आणणे जोखमीचे. भरती-ओहोटी सांभाळावी लागते. वाद्ये, ध्वनिक्षेपक, खुर्च्या, सगळे समुद्रावरून वाहावे लागते. लेणी दीड हजार वर्षांची, तिथे गर्दी आणि मोठा आवाज नको. मुंबईत कार्यक्रम ठेवला की ऐकणारे जास्त येतात. भरवणाऱ्याच्या जागी मी असते तर मलाही हा विचार करावाच लागला असता.

पण कणीसवालीच्या बाजूने पाहा. ज्या वर्षी महोत्सव पलीकडे झाला, त्या वर्षी तिच्या गावाचे नाव फलकावर होते आणि तिची टोपली मात्र रोजच्याएवढीच विकली गेली. मंच हलवायला एक संध्याकाळ पुरते, पण गाव हलत नाही. जो उत्सव गावाच्या आधाराशिवाय भरू शकतो, तो गावाशिवाय दुसरीकडेही जाऊ शकतो. हे सूत्र मला घारापुरीकडे पाहून समजले.

आता याच्या उलट एक गाव सांगते. कर्नाटकात धारवाड जिल्ह्यात कुंदगोळ म्हणून एक लहान गाव आहे. बेट नाही, चांगली काळी जमीन आहे. तिथे रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व राहत होते. मराठी नाटकातून गाजलेले मोठे गायक. गंगूबाई हनगल नावाची एक तरुण बाई हुबळीहून आगगाडीने त्यांच्याकडे गाणे शिकायला जायची. घरची गरिबी, लोकांची टोमणेबाजी, तरी ती जायची, आणि पुढे देशातली मोठी गायिका झाली. भीमसेन जोशीही तिथेच गुरूच्या घरी राहून शिकले. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. भीमसेनांनी १९५३ पासून त्यांच्या नावाने पुण्यात उत्सव सुरू केला, तो आज फार मोठा झाला आहे. पण कुंदगोळातही नाडगीर घराण्याच्या जुन्या वाड्यात गुरूची पुण्यतिथी होते आणि रात्रभर गाणे चालते. पुण्याच्या उत्सवाने कुंदगोळचा उत्सव गिळला नाही. का? कारण कुंदगोळचे लोक ते गाणे आपल्या माणसाचे गाणे मानतात. वाडा गावातला, गुरू गावातला, ऐकणारे गावातले. तिथले आमंत्रण गावाकडून जाते.

आता आपल्या झाडीपट्टीत या. आपल्याकडे असा उत्सव नाही का? आहे की! दिवाळी झाली, धान घरात आले की मंडया सुरू होतात. गावोगाव मंडई, शंकरपट, दंडार, खडी गंमत आणि रात्रभर नाटक. नाटकात गाणी, हार्मोनियम, तबला. कोणत्या महामंडळाने हे सुरू केले नाही. गाव ठरवते, गाव वर्गणी काढते, गाव पाहुण्यांना बोलावते. प्रत्येक घरी सोयरे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. घारापुरीला पाहुणा बोटीने परत जायचा, आपला पाहुणा घरात जेवून निजतो. आपल्या मंडईचे आणि गावाचे नाते म्हणूनच इतके घट्ट आहे. नागपूर-रामटेकला कालिदासाच्या नावाने संगीत-नृत्याचा महोत्सव झाला, तोही चांगलाच. पण तो पाहायला आपण जातो आणि मंडई आपण भरवतो. हा फरक ओळखा.

पण स्वतःची पाठ थोपटून थांबू नका. मंडईच्या दिवशी घराघरात बाई काय करते? सकाळपासून चूल. वीस पाहुण्यांचे जेवण, मग भांडी, मग दुसऱ्या वेळचे जेवण. नाटकाचा पडदा रात्री उशिरा उघडतो, तेव्हा पुरुष मंडळी पुढे जाऊन बसलेली असतात. बाई आवरून जाते तोवर पहिला अंक संपलेला असतो आणि दुसऱ्या अंकात तिला झोप लागते. गावाचा उत्सव आहे, पण गावातल्या अर्ध्या माणसांना तो चुलीपासून ऐकावा लागतो. म्हणजे बेट फक्त समुद्रातच असते असे नाही. स्वयंपाकघरही बेट होऊ शकते. उत्सवाचे दिवे दिसतात, आवाज येतो, पण तिथपर्यंत पोचता येत नाही.

म्हणून घारापुरीची गोष्ट मला तुमच्या बचत गटाच्या बैठकीत न्यायची आहे. आपल्या आसपास आता पर्यटन वाढणार आहे. आंभोरा म्हणजे नद्यांच्या संगमावरचे चैतन्येश्वराचे ठिकाण. मुकुंदराजांनी विवेकसिंधू तिथे लिहिला असे आपण परंपरेने मानतो. कुही तालुक्यातले ते गाव आता पुलाने आपल्या काठाला जोडले गेले. गोसीखुर्दच्या पाण्यात आपल्यातल्या कितीतरी जणींची घरे, बांध्या, देवळे गेली. त्याच पाण्यावर उद्या नावा फिरतील, काठावर मंच उभा राहील, गाणे होईल. होऊ द्या. गाण्याला विरोध करू नका. पण त्या पाण्याखाली ज्यांची गावे आहेत, त्या बायांचे त्या काठावर काय स्थान असेल, हे आधी विचारा.

कुठे विचारायचे? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असे आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. ती कागदावर होऊ देऊ नका, खरी भरवा. आणि गावात कोणताही मोठा कार्यक्रम, महोत्सव, पर्यटनाचे काम येणार असेल तर हे पाच प्रश्न मांडा.

पहिला प्रश्न. कार्यक्रमासाठी जे दिवे, पाणी, रस्ता, संडास होणार आहे, त्यातले कार्यक्रम संपल्यावर गावात काय राहील? दोन दिवसांच्या तंबूचा संडास आपल्या कामाचा नाही. पक्का बांधा म्हणावे, म्हणजे बाजाराच्या दिवशी बायांना उपयोगी पडेल.

दुसरा प्रश्न. जेवणाचे आणि नाश्त्याचे काम कोणाला? गावातल्या गटांना मिळणार असेल तर दर आधी ठरवा आणि लिहून घ्या. किती माणसांचे, किती वाजता, पैसे कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यात. उचल मिळाल्याशिवाय किराणा भरू नका. गटाचे पैसे म्हणजे सगळ्यांची बचत असते.

तिसरा प्रश्न. दुकानांच्या जागा कशा वाटणार? पुढच्या जागा बाहेरच्या व्यापाऱ्याला आणि गावची बाई कोपऱ्यात, असे होता कामा नये. चिठ्ठ्या टाका, विधवा आणि एकट्या बायांसाठी जागा आधी राखा. बाहेरच्या दुकानांकडून आणि गाड्यांकडून ग्रामपंचायत पट्टी घेणार का, आणि ती कशावर खर्च होणार, हेही त्याच सभेत ठरवा. घारापुरीची पट्टी आठवा.

चौथा प्रश्न. मंचावर आपले कोण? नागपूर-मुंबईचे कलावंत जरूर यावेत. त्यांच्याआधी अर्धा तास आपल्या दंडारीला, आपल्या भजनी मंडळाला, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीला द्या. त्यांना मानधनही द्या, नुसता नारळ नको. आणि शाळेच्या मुलींना मोठ्या कलावंतांसमोर तासभर बसता येईल का, तेही विचारा. एखादी मुलगी तिथे पहिल्यांदा तानपुरा ऐकेल आणि तिला तो सूर लागेल. गंगूबाई आगगाडीने गेल्या, आपल्या मुलीसाठी गाडीच गावात येते आहे.

पाचवा प्रश्न. आपण ऐकणार कधी? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवशी घरोघरी चुली पेटवण्यापेक्षा वॉर्डात एकत्र स्वयंपाक ठेवा. भाजी चिरायला आणि वाढायला पुरुषांनी यावे. पुढच्या दोन रांगा बायांसाठी ठेवा आणि म्हाताऱ्या बायांना आधी बसवा. येत्या मंडईपासूनच हे करून पाहता येईल, त्याला कोणाच्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

यातले सगळे एकदम मिळणार नाही. पहिल्या वर्षी एक प्रश्न धरा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासन वाऱ्यावर जाते, लिहिलेले ठरावाच्या वहीत राहते आणि पुढच्या वर्षी उघडून दाखवता येते. ज्या बाईला चांगले लिहिता येते तिला सभेत पुढे बसवा.

घारापुरीला आज वीज आहे, दुकानात फ्रीज चालतो, मुले रात्री अभ्यास करू शकतात. महोत्सव बेटावर झाला तर गावाच्या बाया त्यात असाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे. गाणारा शेवटची भैरवी म्हणतो तेव्हा ती टोपली आवरत बसलेली नसावी, ऐकत बसलेली असावी. आणि तीच इच्छा तुमच्यासाठी आहे.

या आठवड्याच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटे काढा. गेल्या मंडईत तुमच्या गटातल्या किती जणींनी नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले, ते मोजा. आकडा वहीत लिहा. येत्या वर्षी तो वाढवायचा.